शंभर मीटर फ्रीस्टाइलचा दुसरा पन्नास कोसळतो, तेव्हा काय काय तपासावे

शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीविषयीची तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत येते. "सर, पहिला पन्नास मस्त जातो, मग बसतो." पालक हेच सांगतात, शाळेचे क्रीडाशिक्षक हेच सांगतात, गोव्यात म्हापसा-फोंड्याहून मुले घेऊन स्पर्धेला येणारे नवे प्रशिक्षकही हेच सांगतात. निदान प्रत्येकाने घरूनच आणलेले असते: स्टॅमिना कमी पडतो. मग उपायही ठरलेला, उद्यापासून रोज हजार मीटर जास्त.

माझा अनुभव उलटा आहे. दहा ते सोळा वयाच्या बहुतेक मुलांचा दम कमी नसतो. तो पहिल्या पन्नासात आणि वळणावर सांडलेला असतो. गळक्या कळशीत आणखी पाणी ओतण्याआधी भोक शोधावे लागते. म्हणून खालच्या क्रमात स्टॅमिना मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आधीच्या तपासण्यांना फारसे पैसे लागत नाहीत, वेळही एखाद्या सकाळचाच लागतो. हजार मीटर वाढवले तर मात्र मुलाची झोप जाते, खांदा जातो, आणि दोन महिन्यांनी कळते की वेळ तीच आहे.

लक्षणे: काठावरून आधी नीट पाहा

मूल पाण्यात असताना ओरडणे थांबवा आणि दुसऱ्या पन्नासात लेनच्या बाजूने चालत जा. कोणाला तरी मोबाइलवर बाजूने चित्रण करायला सांगा. या गोष्टी दिसतात:

- वळण घेतल्यावर थोडेच हात मारून होतात तोच डोके वर येऊ लागते, नजर तळाऐवजी समोरच्या भिंतीवर जाते.
- पहिल्या पन्नासात तीन हातांना एक श्वास होता, तो अचानक दर दुसऱ्या हाताला येतो आणि तोंड वाजवीपेक्षा जास्त वेळ बाहेर राहते.
- मागचा फेस नाहीसा होतो. पाय एक तर थांबलेले असतात किंवा कात्रीसारखे फाकतात.
- हात भराभर फिरतात, मूल मात्र पुढे सरकत नाही.
- लेनच्या दोरीवर शेवटच्या पाच मीटरचा वेगळा रंग सुरू होतो तिथे शरीर जवळजवळ उभे झालेले असते.
- भिंतीला हात लावल्यावर मूल सांगते, "सर, पांयच हालनात."

या सगळ्या गोष्टी एकत्र दिसल्या तरी त्यांतली पहिली कोणती आली, ते महत्त्वाचे. डोके आधी वर आले आणि मग पाय बुडाले, तर कारण एक. पाय आधी थांबले आणि मग डोके वर आले, तर कारण दुसरे. काठावरून हा क्रम सुटतो, चित्रणात सापडतो. ते अर्ध्या वेगाने दोनदा पाहा.

किती घसरण म्हणजे बिघाड?

दुसरा पन्नास पहिल्यापेक्षा सावकाश जाणारच. पहिल्याला उडीचा फायदा असतो, दुसऱ्याला फक्त भिंतीचा धक्का. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलेने ४६.४० सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा त्याचा पहिला पन्नास २२.२८ आणि दुसरा २४.१२ होता. फरक १.८४ सेकंदांचा, आणि तोही असा की दुसऱ्या पन्नासातल्या त्या वेगाचे जगभर कौतुक झाले. म्हणजे तुमच्या बारा वर्षांच्या मुलीचा फरक दोन-अडीच सेकंदांचा असेल तर बिघाड काही नाही, तिला शाबासकी द्या. तीन सेकंद असतील तर लक्ष ठेवा. चारच्या पुढे गेला, आणि एकाच नव्हे तर लागोपाठच्या स्पर्धांत गेला, तर पुढचे वाचा. हे आकडे काठावरच्या अनुभवाचे आहेत, नियमपुस्तकातले नव्हेत.

१. घड्याळ आणि तलाव

हसू नका, इथेच बऱ्याच तक्रारी संपतात. पन्नासाची वेळ कुठे घेता? अधिकृत स्प्लिट, म्हणजे पहिल्या पन्नासाची नोंद, पाय भिंतीला लागतात त्या क्षणाचा असतो. गॅलरीत बसलेले बाबा डोके भिंतीजवळ आले की बटण दाबतात. त्यामुळे पहिला पन्नास उगाच वेगवान दिसतो आणि तेवढाच वेळ दुसऱ्याच्या खात्यात जातो. आधी एकाच माणसाने, एकाच जागेवरून, पायांच्या स्पर्शावर वेळ घ्यावी.

दुसरे, सराव कुठे चालतो? गोव्यात खूप मुले हॉटेलच्या किंवा वसाहतीच्या तलावात शिकतात. हे तलाव अठरा, वीस, बावीस मीटर, कसेही असतात, आणि कागदावर मात्र 'पंचवीस'. टेप घेऊन मोजा. अठरा मीटरच्या तलावात मूल दर काही सेकंदांनी भिंतीला पाय लावते, धक्का मारते, सरकते, हातांना विसावा देते. त्याच मुलाला पणजीत कांपालच्या पन्नास मीटरच्या तलावात सोडले की मध्ये भिंतच नाही. त्याचा दुसरा पन्नास कोसळतो तो दम नसल्यामुळे नव्हे. सलग चाळीस-बेचाळीस हात मारायची सवयच त्याला नसते.

उपाय: महिन्यातून निदान काही दिवस लांब तलावात सराव, आणि २५ मीटरच्या तलावातल्या वेळा ५० मीटरच्या तलावातल्या वेळांशी कधीही थेट न ताडणे. लांब तलावात तीच मुलगी सेकंद-दीड सेकंद सावकाश असणारच.

२. पोट, झोप, गरमी, गॉगल

हीट म्हणजे प्राथमिक फेरी सकाळी साडेआठला, मूल काणकोणहून किंवा पेडण्याहून पहाटे निघालेले, बसमध्ये अर्धवट झोपलेले, पोटात चहा-बिस्किट. शंभर मीटरची शर्यत मिनिटभराची असली तरी तिच्यातली बरीच ऊर्जा स्नायूंत साठलेल्या साखरेतून येते, आणि ती साठवण आदल्या दिवशीच्या जेवणाची असते. आदल्या रात्री नेहमीचे भात-हुमण (माशांची आमटी) पोटभर. सकाळी शर्यतीच्या दोन-अडीच तास आधी पेज किंवा उंडा (गोव्यातला पाव) आणि केळे. भाजी-पाव शर्यतीनंतर. सकाळी उपाशी पोहणारी मुले पहिल्या पन्नासात फसवतात, कारण पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूंत आयती तयार असते. ती कोणाचीही निघते.

पाण्यात घाम येतो हे पालकांना पटत नाही. येतो. स्पर्धेसाठी पाणी २५ ते २८ अंशांचे असावे असा पोहण्याच्या जागतिक संघटनेचा नियम आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उघड्या तलावाचे पाणी त्याहून बरेच तापते, आणि तापलेल्या पाण्यात शरीराला उष्णता बाहेर टाकायला जागा मिळत नाही. अशा दिवशी सगळ्यांचाच दुसरा पन्नास ढासळतो. सगळ्या गटाची वेळ घसरली असेल तर एका मुलाला धारेवर धरू नका. लेनच्या टोकाला पाण्याची बाटली ठेवायला लावा आणि मोठा सराव पहाटे घ्या.

गॉगलचे सांगायलाच हवे. उडी मारल्यावर गॉगलमध्ये पाणी शिरले की मूल डोळे मिटून किंवा मान वाकडी करून पोहते, वळण चुकते, घाबरते. बाहेर येऊन सांगत नाही, कारण ते कारण सांगणे त्याला बालिश वाटते. विचारा. पट्टी घट्ट करा, गॉगल टोपीखाली घाला. दुरुस्ती फुकट.

३. पहिला पन्नास किती वेगाने गेला?

माझ्या लेखी निम्म्याहून जास्त मुलांचे दुखणे या पायरीवर सापडते.

२०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या आणि ५० मीटर फ्रीस्टाइलची दोन्ही सुवर्णे एकाच घरात गेली: कोल्हापूरचा वीरधवल खाडे आणि त्याची पत्नी ऋजुता. चांगलेच झाले, मुलांना पन्नास मीटरचे वेड लागले. पण शंभर मीटर म्हणजे पन्नास दोनदा नव्हे. पन्नासात डोके खाली घालून जे आहे ते सगळे ओतायचे असते. शंभरात थोडे राखायचे असते, आणि 'थोडे' म्हणजे किती, हे अकरा वर्षांच्या मुलाला सांगून कळत नाही. ते घड्याळाने शिकवावे लागते.

यामागचे गणित पालकांनाही समजावून सांगण्यासारखे आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. म्हणजे मूल पाच टक्के जास्त वेगाने गेले तर त्याला सुमारे सोळा टक्के जास्त शक्ती खर्चावी लागते. पहिल्या पन्नासात अर्धा सेकंद कमावण्यासाठी मोजलेली किंमत दुसऱ्यात दोन-तीन सेकंदांनी चुकवावी लागते. स्नायूंत आम्लता वाढली की हात जड होतात. मनाचा निर्धार कमी पडला म्हणून नव्हे, स्नायूंचे आकुंचनच मंदावते म्हणून. 'जिद्द दाखव' असे गॅलरीतून ओरडणाऱ्यांनी हे एकदा ऐकून घ्यावे.

तपासणी सोपी. मुलाची उडीसह पन्नास मीटरची सर्वोत्तम वेळ घ्या. शंभरातला पहिला पन्नास त्याहून साधारण एक सेकंद सावकाश असायला हवा. तो अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर बिघाड सापडला. मग एका सकाळी, पूर्ण विश्रांतीनंतर, त्याला सांगा: पहिला पन्नास मुद्दाम एक सेकंद सावकाश. मुले कुरकुरतात, शेजारच्या लेनचा पुढे गेला तर कसे सोसायचे म्हणतात. एकूण वेळ घ्या. बहुतेक वेळा ती आधीपेक्षा बरी येते, आणि मग मुलाला तुमच्या भाषणाची गरज उरत नाही. वेळ बरी आली नाही, दुसरा पन्नास तरीही कोसळला, तर दुखणे वेगाचे नाही. पुढे चला.

४. श्वास

दुसऱ्या पन्नासात धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. श्वास घ्यायची ओढ ऑक्सिजन संपल्यावर नव्हे, हा वायू वाढल्यावर लागते. जे मूल पाण्याखाली तोंड मिटून श्वास कोंडते आणि मान वळवल्यावर आधी सोडते, मग घेते, त्याला दोन्ही कामे अर्ध्या सेकंदात करायची असतात. घेणे अपुरे राहते. पहिल्या पन्नासात चालून जाते, दुसऱ्यात नाही.

तपासणी: मुलाला चेहरा पाण्यात ठेवून नाकातून गुणगुणत पंचवीस मीटर पोहायला सांगा. गुणगुणणे थांबले, बुडबुडे थांबले, तर तिथे तो श्वास कोंडतो. उपायही तोच व्यायाम, रोज सरावाच्या सुरुवातीला. शंभर मीटरच्या शर्यतीत दर दुसऱ्या हाताला श्वास घेतला तर काही बिघडत नाही. 'कमी श्वास म्हणजे जास्त वेग' हे पन्नासाचे तत्त्व शंभरावर लादू नका.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगतो. भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखालून किती लांब जातो याच्या पैजा माझ्या तलावात बंद आहेत, तुमच्याही असाव्यात. त्या श्वासांनी कार्बन डायऑक्साइड आधीच उतरतो, ओढ लागतच नाही, आणि मूल काही इशारा न देता पाण्याखाली बेशुद्ध होते. चांगल्या पोहणाऱ्यांचे असे जीव गेले आहेत.

५. डोके आणि कंबर: न्हंयेत (नदीत) शिकलेली मुले

हा भाग खास आमच्या मुलखाचा. पेडणे, डिचोली, सत्तरीकडची कितीतरी मुले तलाव बघायच्या आधी बंधाऱ्यावर, झरीत, देवळाच्या तळीत शिकलेली असतात. खाजन शेतांकडची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांकडची) मुले मानशीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दारांजवळच्या) ओढीत हात-पाय मारून धीट झालेली असतात. किनाऱ्यावरची मुले समुद्रात. पाण्याची भीती नावाला नाही, हात दणकट. प्रशिक्षकाला असे मूल मिळणे भाग्याचे. पण वाहत्या पाण्यात समोर काय येते हे बघत पोहावे लागते, आणि ती नजर त्यांच्या मानेत बसलेली असते. डोके वर तर कंबर खाली, हा पाण्याचा सरळ हिशेब. कंबर खाली गेली की शरीर तिरके होते आणि पाण्याला अडवणारी समोरची जागा वाढते. पहिल्या पन्नासात जोरदार किक, म्हणजे पायांचा मारा, ती कंबर उचलून धरते. किक थकली की झाकलेला दोष उघडा पडतो. म्हणजे दोष दुसऱ्या पन्नासात होत नाही, तिथे फक्त दिसतो.

समुद्राच्या मुलांचे आणखी एक. खारे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते, शरीर आपोआप वर उचलले जाते. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेत लांब अंतर सहज काढणारा मुलगा तलावात आल्यावर शंभर मीटरला दमतो, तेव्हा घरच्यांना नवल वाटते. पाय वर ठेवायचे काम समुद्र फुकट करत होता, तलावात ते त्यालाच करावे लागते.

तपासणीसाठी पुलबॉय लागेल. मांड्यांमध्ये धरायचा फोमचा ठोकळा, थोड्या पैशांत मिळतो. आधी पुलबॉयशिवाय शंभर मीटर, जोरात, दोन्ही पन्नासांची वेळ घेऊन. पुरेशी विश्रांती. मग पुलबॉय लावून तसेच शंभर. पाय वापरायचे नाहीत. तीन शक्यता:

पुलबॉय लावल्यावर दुसऱ्या पन्नासातली घसरण बरीच कमी झाली, तर कंबर बुडते हाच दोष. हात आणि दम ठीक आहेत.

घसरण तेवढीच राहिली, तर कंबर ठीक आहे. दोष हातात किंवा दमात, खाली बघा.

पुलबॉयशिवायच्या पोहण्यापेक्षा एकूण वेळच बरी आली, तर मूल पायांनी वेग घेत नाही, नुसती ऊर्जा जाळते. मांडीचे स्नायू शरीरात सर्वांत मोठे, ऑक्सिजन तेच सर्वांत जास्त खातात. गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखी किक असेल तर असेच होते. किकबोर्डवर (हातांत धरायच्या तरंगत्या फळीवर) पन्नास मीटर फक्त पायांनी पोहायला लावा. मूल जागच्या जागी तरंगत राहिले तर उत्तर मिळाले.

कंबरेचा उपाय मानेपासून सुरू होतो. नजर तळावरच्या काळ्या पट्टीवर, थोडी पुढे, श्वास घेताना एक डोळा पाण्यातच. भिंतीला धक्का मारून हात डोक्यावर जुळवून नुसते सरकायचे, किक नाही, कुठे थांबतो ते पाहायचे. सहा आठवडे तरी धरा. सवय मुरलेली असते आणि थकल्यावर तीच परत येते, म्हणून हा सराव सरावाच्या शेवटी, मूल दमलेले असताना घ्या. ताजेतवाने असताना सगळेच सुंदर पोहतात.

६. वळण

भिंतीपासून पाच मीटरवर पाठीवर पोहणाऱ्यांसाठी झेंड्यांची माळ असते. तीच आपली मोजपट्टी. डोके माळेखालून आत गेल्यापासून त्याच माळेखालून बाहेर येईपर्यंतची वेळ घ्या, एकदा ताजे असताना, एकदा शंभर मीटरच्या शर्यतीत. फरक अर्ध्या सेकंदाच्या वर गेला तर दुसऱ्या पन्नासाचा बराच तोटा पोहण्याआधीच झालेला आहे. बहुधा दोन गोष्टी सापडतात: मूल भिंतीआधी हात न मारता नुसते सरकत वाट बघते, आणि धक्का मारून वर येताच पहिल्याच हाताला श्वास घेते, त्यामुळे मिळालेला वेग तिथेच विझतो. पहिला हात श्वासाविना, एवढाच नियम लावा. पाण्याखाली पंधरा मीटरपर्यंत जाण्याची परवानगी आहे म्हणून तेवढे जायलाच हवे असे नाही. ज्याची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून पाण्याखाली मारायची किक) कच्ची आहे त्याने पाच-सहा मीटरवर वर यावे.

७. हात मोजा

दोन्ही पन्नासांतले हात वेगवेगळे मोजा. ही तपासणी फुकट आहे, पण तिचा उपाय अवघड, म्हणून इतकी खाली.

समजा पहिल्या पन्नासात ४४ हात, दुसऱ्यात ५४, आणि वेळही घसरली. म्हणजे हात पाण्यातून निसटतो आहे. थकल्यावर कोपर खाली पडते, पंजा पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो. मूठ मिटून पंचवीस मीटर, मग पंजा उघडून पंचवीस, असे आलटून पालटून घ्या. हाताच्या पुढच्या भागाने पाणी धरायची जाणीव येते. हातात पॅडल (पंजाला बांधायची प्लास्टिकची पट्टी) देऊन ताकद वाढवण्याचा मोह आवरा. कोपर पडलेल्या हातात पॅडल म्हणजे खांद्याला आमंत्रण.

हात तेवढेच, ४४ ला ४५, पण वेळ मात्र घसरली, तर पकड शाबूत आहे, फिरकी मंदावली आहे. इथे पहिल्यांदा दमावर बोट ठेवायला हरकत नाही.

८. आता स्टॅमिना

इथवर सगळे ठीक निघाले तरच. आणि तेव्हाही 'आणखी हजार मीटर' हे उत्तर क्वचितच. सरावाची वही उघडा. पंचवीस-पंचवीस मीटर जोरात आणि मध्ये भरपूर गप्पा, असा सराव असेल तर मुलाने दमलेल्या हातांनी वेगात पोहणे कधी केलेलेच नसते. किंवा उलट, रोज तीन-चार हजार मीटर एकाच संथ चालीत. अशा सरावाने मूल संथ पोहण्यात तरबेज होते. शर्यतीच्या वेगाचे पन्नास, सहा ते आठ, मध्ये मिनिटभर विश्रांती, आठवड्यातून दोनदा, बाकी दिवस सैल आणि लांब, हे मला बहुतेक मुलांना मानवलेले दिसते. सुधारणा दिसायला दोन-तीन महिने लागतात.

वहीत खंडही बघा. चवथीचा (गणेश चतुर्थीचा) आठवडा, परीक्षा, पावसात विजा कडाडल्या म्हणून बंद ठेवलेला तलाव. गोव्यात जून ते सप्टेंबर या खंडांची बेरीज मोठी होते, आणि ऑक्टोबरच्या स्पर्धेत मूल बसले की सगळे चकित होतात. चकित होण्यासारखे त्यात काही नाही.

तेरा-चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते तेव्हा हातापायांचा ताळमेळ काही महिने बिघडतो. वेळा थांबतात, कधी मागे जातात. इथे दुरुस्ती करायची नसते. तंत्र सांभाळत वाट बघायची आणि घरच्यांना शेजारच्या मुलाशी तुलना करू द्यायची नाही. माझ्या मते या खेळातून मुले गळतात ती बहुतेक याच वयात, आणि बहुतेक गॅलरीतल्या बोलण्यामुळे.

इथे थांबा, डॉक्टरांकडे पाठवा

पोहताना किंवा पोहून झाल्यावर छातीत दुखणे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, हृदयाची अनियमित धडधड, शुद्ध हरपणे: यांतले एकही दिसले तर मूल त्या क्षणी पाण्याबाहेर आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पाण्यात किंवा काठावर शुद्ध हरपली तर थेट १०८. हृदयाची तपासणी होऊन लेखी परवानगी येईपर्यंत उथळ पाण्यातही नाही.

खांदा: हात वर नेताना दुखते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, तर हाताचा सराव बंद. चार-पाच दिवसांच्या विश्रांतीने उतरले नाही तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा खेळाडू पाहणारे फिजिओथेरपिस्ट. मलम चोळून शर्यतीला उतरवू नका.

श्वासात शिट्टी, पोहून आल्यावर थांबत नसलेला खोकला: दमा असू शकतो. तलावाला डोळे चुरचुरणारा उग्र वास येत असेल तर तो क्लोरीन जास्त असल्याचा नव्हे, क्लोरीन घाम-लघवीशी मिसळून तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो, आणि त्याने दमा चाळवतो. तलावाच्या व्यवस्थापनाशी बोला, पण मुलाला तपासूनही घ्या. दुसऱ्या मुलाचा दम्याचा पंप वापरायला देऊ नका.

पाळी सुरू झालेल्या मुलींत दुसऱ्या पन्नासाची घसरण हळूहळू वाढत गेली, जिना चढतानाही दम लागू लागला, चेहरा फिका दिसला, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या. लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने नकोत. पाळी तीन महिने आली नाही तरीही डॉक्टर. याविषयी बोलायला मुलीला सर सोयीचे वाटत नसतील, तेव्हा आई किंवा एखादी ताई मध्ये असावी. त्यात संकोच बाळगण्यासारखे काही नाही.

दोन-तीन आठवडे सगळ्याच वेळा घसरत आहेत, सकाळची नाडी नेहमीपेक्षा बरीच जास्त, झोप नाही, चिडचिड: सराव थांबवा. विश्रांतीच्या आठवड्यानंतरही नाडी उतरली नाही तर तपासणी.

सरावात वेळ उत्तम आणि फक्त शर्यतीत कोसळते, आदल्या रात्री उलट्या, पोटदुखी, तलावाला जायचेच नाही म्हणून रडणे: हे काम स्टॉपवॉचचे नाही. समुपदेशक किंवा क्रीडा मानसशास्त्रज्ञ गाठा, आणि त्याआधी घरी मुलाशी वेळेविषयी बोलणे बंद करा.

हाताचा दोष दिसतो आहे पण तीन महिन्यांत सुटत नाही, तर चित्रण घेऊन दुसऱ्या अनुभवी प्रशिक्षकाला दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना 'पोहताना थकतो' एवढेच सांगितले तर उपयोग होत नाही. एका कागदावर लिहून न्या: गेल्या काही स्पर्धांतले दोन्ही पन्नास वेगवेगळे, आठवड्याला किती मीटर, त्रास कितव्या मीटरला सुरू होतो, सकाळची नाडी, झोपेचे तास, चालू असलेली औषधे. दम लागण्याचा त्रास असेल तर दुसऱ्या पन्नासाचे चित्रणही मोबाइलवर ठेवा. डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिली की किती मीटर आणि किती जोरात, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.